सरावाचा बिघाड

दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता चांगली चाललेली लाइन आपल्या हाताने तोडायची, हा रेवती चिद्रावारचा चार वर्षांचा नेम होता. एकादशी चुकली तर चुकली, गुरुवारचा सराव चुकायचा नाही. बोधगुड्याच्या सरकारी दवाखान्यामागे दूरसंचार महामंडळाची एक थंडगार खोली होती आणि तिथला प्रेषक, म्हणजे लाइनीवर संदेश सोडणारं यंत्र, सांभाळणारी ती इंजिनियर होती. आधी नांदेडला फोन करायचा, दवाखान्यात कोणाचं ऑपरेशन चालू नाही ना ते बघायचं, मग प्रेषकाच्या पाठीमागचा जोडप्लग ओढायचा. धोक्याची घंटा वाजली की प्लग परत बसवायचा आणि चहाला जायचं. एवढं साधं काम होतं.

त्या गुरुवारी तिने प्लगकडे हात नेला, आणि तो पोचायच्या आतच घंटा वाजली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'सराव पूर्ण. गजर व्यवस्थित. धन्यवाद.'

रेवती तशीच हात पुढे धरून उभी राहिली. तिने प्लगला अजून बोटही लावलेलं नव्हतं. न केलेल्या कामाबद्दल आभार मानणारं यंत्र तिने जन्मात पाहिलं नव्हतं, माणसंही फारशी पाहिली नव्हती. तेवढ्यात नांदेडचा फोन आला. लाइन गेलीय, म्हणजे तुमचा सराव सुरू झाला ना, असं पलीकडच्याने विचारलं आणि ती काही बोलणार तोच, आली आली, ठेवतो, म्हणून फोन ठेवूनही दिला.

म्हणजे लाइन खरंच तुटली होती. आपोआप जोडलीही गेली होती. आणि यंत्राने ते सगळं तिच्या नावावर खपवलं होतं.

हे एवढं भिण्यासारखं का, ते समजायला बोधगुड्याचं हातघर माहीत असायला हवं. त्या काळात तालुक्याच्या गावांना सर्जन मिळेनासे झाले होते, म्हणून सरकारने हातघरं काढली. नांदेडला सर्जन बसणार, आणि बोधगुड्याच्या टेबलावर चार पोलादी हात त्यांच्या बोटांबरहुकूम चालणार. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, असं गावात पुष्कळ जण म्हणाले. पण पहिल्याच वर्षी त्या हातांनी एवढी माणसं वाचवली की म्हणणारेच रांगेत येऊन बसले.

हातांची एक खोड होती. लाइनीवरून येणारा एखादा ठोका अधूनमधून गळतो. ठोका गळला म्हणून हात थबकला, तर काळजावर टाका कसा घालणार? म्हणून हातांना अंदाज बांधायला शिकवलं होतं. सर्जनचा हात ज्या बाजूला चालला होता, त्यावरून पुढचा क्षणभर ते आपले आपण चालत. नांदेडच्या पडद्यालाही तेच शिकवलेलं, गळलेलं चित्र तो अंदाजाने भरून काढी, आणि इतकं बेमालूम की सर्जनला पत्ता लागू नये. आता लाइन मुळातच तुटली, तर दोन्ही टोकं एकमेकांबद्दल अंदाज बांधत बसणार आणि मध्ये टेबलावर माणूस छाती उघडून पडलेला असणार.

तसं होऊ नये म्हणून प्रेषकात एक पहारेकरी मंडल, म्हणजे सर्किट, होतं. प्रेषक काचेच्या तारेत प्रकाशाचे ठोके सोडतो. पहारेकरी त्यातला चिमूटभर प्रकाश बाजूला काढून दोन गोष्टी बघतो. सांगितलेला ठोका खरोखर बाहेर पडला का, ही पहिली. बाहेर पडलेला प्रकाश माघारी तर येत नाही ना, ही दुसरी. काच जिथे तुटते तिथून प्रकाश आरशावर पडल्यासारखा उलटा येतो. असं काही दिसलं की पहारेकरी ओरडायचा, मग हात वर उचलले जायचे, लाइन टॉवरच्या पर्यायी मार्गावर जायची आणि बोधगुड्याच्या टेबलापाशी उभा असलेला डॉक्टर पुढे व्हायचा. टॉवरचा मार्ग संथ होता, त्यावर ऑपरेशन होत नसे, पण निरोप पोचत असे.

पण पहारेकरी पडला भित्रा. वीज जरा डळमळली, खोली जरा तापली, की लागला ओरडायला. रोज मरे त्याला कोण रडे? राज्यभरच्या तंत्रज्ञांनी घंटेत बोळे कोंबायला सुरुवात केली. तेव्हा महामंडळाने पहारेकऱ्याच्या पुढे एक शिकणारं मंडल बसवलं. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, सगळे त्याला चाळण म्हणत. खरा बिघाड कोणता आणि उगाचचा कोणता, हे चाळण अनुभवाने शिकली. सराव कोणता हेही शिकली. सरावात हातांना आणि टॉवरला त्रास द्यायचा नसतो, नुसती खोलीतली घंटा वाजवून हिरवी पाटी दाखवायची असते.

आणि सराव म्हणजे काय, हे तिला रेवतीनेच शिकवलं होतं. चार वर्षं, त्याच प्लगने, जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एका झटक्यात. त्या चार वर्षांत दोन्ही तारा एकदम खऱ्याखुऱ्या अशा कधी तुटल्याच नव्हत्या. स्वच्छ तुटलेली जोडी म्हणजे सराव, एवढा एकच धडा चाळणीने घोकला होता, आणि तो रेवतीला गुरू करून घोकला होता.

येत्या सोमवारी हातघरात जे ऑपरेशन होतं, ते तिच्या अक्काचं होतं.

अक्का म्हणजे थोरली बहीण सुमित्रा, त्याच दवाखान्यातली मोठी सिस्टर. आई गेल्यावर रेवतीला तिनेच वाढवलं होतं. तिच्या काळजाची एक झडप निकामी होत चालली होती, चार पायऱ्या चढल्या की ओठ निळे पडायचे. नांदेडला दिवाळीनंतरपर्यंत खाट नव्हती आणि डॉक्टरांच्या मते दिवाळी फार लांब होती.

रेवतीने विभागीय अधिकारी नेम्मानीवारसाहेबांना फोन केला. साहेब वाईट नव्हते. घंटेत बोळे कोंबण्याचे दिवस त्यांनीही काढले होते, म्हणून चाळणीवर त्यांचा जीव होता. ते दुपारीच गाडी काढून आले. रेवतीने त्यांच्यासमोर प्लग ओढला. घंटा वाजली, 'सराव पूर्ण' आलं.

"बघा," रेवती म्हणाली. "आता अकराची वेळ नाही, नांदेडला सांगितलेलं नाही. तरी ती सराव म्हणते."

"पण मॅडम, हा सरावच होता की. तुम्ही मुद्दाम ओढलात. तिने बरोबर ओळखलं."

साहेब चेष्टा करत नव्हते. आणि त्यांच्या बोलण्यातून सुटायला वाटच नव्हती. मुद्दाम केलेला प्रत्येक बिघाड सराव ठरणार, आणि खरा बिघाड काही मागून मिळत नाही. जितकं तपासावं तितकी चाळण पास होणार होती. सकाळचं काय, असं तिने विचारलं तेव्हा साहेब अवघडून म्हणाले की, रोजच्या हाताला सवय असते, आपल्या नकळत प्लगला धक्का लागतो. माझ्याही बाबतीत असं झालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी ती लाइनमनला घेऊन रस्त्याने निघाली आणि जोडपेट्या उघडून पाहत गेली. घाटाकडचा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, पण पेट्या जागच्या जागी होत्या आणि आतले प्लग घट्ट दिसत होते. कुठेतरी काहीतरी सैल होतं, ते वरून काही अवजड गेल्याशिवाय हलणार नव्हतं, आणि ती पाहायला गेली तेव्हा वरून काही जात नव्हतं. तिने मुख्यालयालाही कळवलं होतं, तिथून उत्तर आलं की अभ्यास करून कळवतो. चाळण सीलबंद होती. तिने शिकलेलं पुसायचं तर आणखी चार वर्षांचे गुरुवार वेगळ्या तऱ्हेने सराव करायला हवा होता.

संध्याकाळी ती अक्काच्या खाटेपाशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकलू, नांदेडला मी पाया पडेन, असंही म्हणाली. अक्काने उशा नीट करून घेतल्या आणि श्वास गोळा केला.

"पुढं ढकलून मी राहीन का, ते तू सांगू नको. मी सिस्टर आहे, मला कळतंय. तुझ्या त्या पहारेकऱ्याला अजून दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय. पण तो बोलला की चाळण मध्ये येते."

"मग तिला मधून काढ. रडायलीस कामून?"

रेवती रडत नव्हती, निदान तिला तसं वाटत होतं. पण अक्काचं बोलणं तिच्या डोक्यात बरोबर जाऊन बसलं. चाळण काढता येत नव्हती, पण तिला वळसा घालता येत होता. पहारेकरी मंडलावर जुन्या काळचा एक जोड तसाच होता, चाळण यायच्या आधी घंटा तिथून जोडलेली असे. तिथून एक वायर काढायची, भिंतीतून हातघराच्या बाजूच्या खोलीत न्यायची आणि तिथे साधी घंटा टांगायची. म्हणजे पहारेकऱ्याचं ओरडणं जसंच्या तसं ऐकू येईल. दहा वेळा उगाच ओरडेल, एकदा खरं ओरडेल. तेव्हा कोणीतरी माणसाने समोर पडदा घेऊन बसायचं, माघारी येणाऱ्या प्रकाशाची रेघ बघायची आणि ठरवायचं की थांबायचं का चालू द्यायचं. टोक तुटलं असेल तर रेघेवर सुळका उभा राहतो आणि तसाच राहतो. नुसती वीज डळमळली असेल तर रेघ खचते आणि सावरते. एका श्वासात कळायला हवं. आणि ही रेघ वाचता येणारं बोधगुड्यात दुसरं कोणी नव्हतं.

नांदेडच्या सर्जन डॉक्टर फरहत काझी यांना तिने पडद्यावरून गाठलं. त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग त्यांनी तिला थांबण्याची किंमत सांगितली. काळीज बंद करून रक्त यंत्रावर टाकलेलं असतं. हात उचलले, बोधगुड्याचे डॉक्टर मडावी पुढे झाले, पुन्हा हात आणले, की प्रत्येक वेळी यंत्रावरचा वेळ वाढतो आणि त्याचा हिशोब पेशंटचं शरीर चुकतं करतं.

"तुम्ही तिच्या बहीण आहात," डॉक्टर काझी म्हणाल्या. "भीती वाटली म्हणून थांबवू नका. दिसलं म्हणून थांबवा. जमेल?"

रेवतीने जमेल म्हणून सांगितलं. जमेल की नाही हे तिला अजिबात माहीत नव्हतं, पण दुसरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

नेम्मानीवारसाहेबांना सांगणं भाग होतं. सीलबंद कपाटातून वायर काढणं म्हणजे निलंबन, हे त्यांनी फोनवर नियमासकट वाचून दाखवलं. मग म्हणाले की सोमवारी मी दिवसभर बैठकीत आहे, मला काही माहीत नाही, पण संध्याकाळी वायर निघालेली पाहिजे. रेवतीने रविवारी भिंतीला भोक पाडलं.

सोमवारी सकाळी अक्काला आत नेलं. काचेपलीकडे हिरव्या कापडांचा ढीग दिसत होता आणि त्यावर चार हात वाकलेले. त्यात अक्का कुठे आहे ते कळत नव्हतं, ते एका परीने बरंच होतं. रेवतीने काचेकडे पाठ केली, पडद्यासमोर बसली आणि यंत्राचे हात उचलून लाइन टॉवरवर नेणाऱ्या लाल बटणाच्या बाजूला हात ठेवला.

छाती उघडून झाली, काळीज यंत्रावर गेलं, आणि घंटा वाजली. रेघ खाली गेली. रेवतीने ती सावरते का ते बघितलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे अक्काचे निळे ओठ आले आणि तिचा हात बटणावर पडला. चारही हात वर उचलले गेले, डॉक्टर मडावी धावत पुढे झाले, आणि तोवर रेघ सरळ होऊन शांत पडली होती. उगाचचं होतं. शेजारच्या इमारतीत पंप सुरू झाला होता.

स्पीकरवरून डॉक्टर काझींनी विचारलं, काय दिसलं? काही नाही, मी घाबरले, असं रेवतीने सांगितलं. खोटं बोलायला वेळ नव्हता. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी सरळ पुन्हा हात लावायला घेतले, आणि तेच रेवतीला जास्त लागलं. उठून जावं, दुसऱ्या कोणाला तरी बसवावं, असं तिच्या मनात आलं. पण दुसरं कोणी नव्हतं. तिने दोन्ही पाय फरशीला घट्ट टेकवले आणि ठरवलं की यापुढे आपण अक्काची बहीण नाही, या रेघेचं माणूस आहोत.

घंटा दुसऱ्यांदा वाजली. रेघ खचली. तिचा हात आपण होऊन उचलला गेला, तो तिने दुसऱ्या हाताने धरला. रेघ सावरली. "चालू ठेवा," ती म्हणाली आणि आपला आवाज इतका साधा कसा आला याचं तिला नवल वाटलं. त्यानंतर घंटा कितीतरी वेळा वाजली आणि दर वेळी ती चालू ठेवा म्हणाली. तिचा डोळा रेघेवरून हलला नाही.

नवी झडप बसवून होत आली होती. शेवटचे टाके राहिले होते. घंटा वाजली आणि रेघेवर सुळका उभा राहिला. उभा राहिला तो राहिलाच. बाजूच्या पडद्यावर चाळणीची हिरवी अक्षरं आली: 'सराव पूर्ण. गजर व्यवस्थित. धन्यवाद.'

रेवतीने बटण दाबलं. "तुटली. खरी तुटली आहे. मडावीसर, तुमचं काम."

हात उचलले गेले. डॉक्टर मडावींनी नंतर सांगितलं की त्यातल्या एका हाताची सुई, नसलेल्या सर्जनच्या अंदाजाने, महारोहिणी या काळजातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीकडे निघाली होती. नांदेडच्या पडद्यावर मात्र टाका सुरेख पडत असलेला दिसत होता, टॉवरवरून निरोप येईपर्यंत डॉक्टर काझींना काहीच ठाऊक नव्हतं. उरलेले टाके मडावींनी आपल्या हातांनी घातले. बऱ्याच वर्षांनी एवढ्या मोठ्या कामाला त्यांचे हात लागले होते, पण टाके पडले. लाइन परत आली तेव्हा अक्काचं काळीज आपलं आपण चालायला लागलं होतं. रेवती भिंतीला डोकं टेकून मोठ्याने रडली, कोणी बघतंय की नाही याची तिने पर्वा केली नाही.

बिघाड सापडला. घाटाच्या मोरीवरच्या पेटीतला जोडप्लग आतून झिजला होता. रस्त्याचं अवजड यंत्र वरून गेलं की तो निसटायचा, यंत्र पुढे गेलं की पुन्हा बसायचा. तो बदलला, पण रस्त्याचं काम चालूच होतं आणि चाळण तीच होती. नेम्मानीवारसाहेबांनी स्वतः जाऊन पाहिला आणि वायरसकट सगळं मुख्यालयाला कळवलं. मुख्यालयाने चाळणीला विचारलं. चाळणीच्या म्हणण्याप्रमाणे सोमवारी बोधगुड्यात सराव झाला होता आणि तो यशस्वी ठरला होता. तेव्हा ऑपरेशन चालू असताना सराव का घेतला, याचा खुलासा रेवतीकडे मागण्यात आला. चाळणीत सुधारणा यथावकाश होणार होती, हातघर चालू राहणार होतं आणि ती वायर ताबडतोब काढायची होती. साहेबांनी हे सगळं खाली मान घालून सांगितलं आणि पुढे एवढंच म्हणाले की आता माझ्या हातात काही नाही.

अक्का उशीला टेकून बसायला लागली त्या दिवशी रेवती तिच्याकडे गेली. तिथून उठून वायर काढायला जायचं, असं तिने ठरवलं होतं. नोकरी राहिली तर अक्काचं औषधपाणी नीट होईल, असा तिचा हिशोब होता. अक्काच्या ओठांना रंग आला होता. डाव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर होती. यंत्रावर जास्त वेळ राहिल्याने असं होतं, संवेदना परत येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. रेवतीने ती बोटं हातात घेतली.

"हे माझ्यामुळं झालं, अक्का. पहिल्यांदा थांबवलं ते उगाच. काही दिसलं नव्हतं, नुसतं भ्याले."

"मडावीसरांनी सांगितलं मला," अक्का म्हणाली. "दुसऱ्यांदा नसतं थांबवलं तर बोटं कोणाची मोजली असतीस?"

मग तिने वायरचं विचारलं, आणि रेवतीने हुकूम आल्याचं सांगितलं. अक्का खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेरच्या ओसरीवर कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पोडावरून, आलेली एक म्हातारी बसली होती, बाजूला तिची गाठोडी.

"ती आत्रामबाई. पुढच्या सोमवारी तिचं काळीज उघडायलेत. तिची बहीण काही लाइनीत कामाला नाही."

एवढ्या दिवसांत रेवतीच्या मनात एकदाही दुसऱ्या कोणाच्या सोमवारचा विचार आला नव्हता, आणि त्याची तिला आता खरोखरची लाज वाटली.

"मी किती सोमवार बसू, अक्का? आणि तिच्या वेळी मी थांबवायला हवं तिथंच थांबवेन कशावरून? तुझ्या वेळी तू होतीस."

"माझ्यासाठी भ्यालीस ना? तेवढंच तिच्यासाठी भ्यायचं. आणि मग हात धरून बसायचं. दुसरं काय असतं गं त्यात?"

रेवती उठली. ओसरीवर जाऊन तिने आत्रामबाईला तिचं नाव विचारलं, घरी कोण कोण आहे ते विचारलं, आणि खोलीत येऊन नेम्मानीवारसाहेबांना फोन लावला. वायर राहणार, आणि सोमवारी मी घंटेपाशी बसणार, असं तिने त्यांना सांगितलं.

साहेबांनी विचारलं की ती रेघ वाचायला शिकायला माणसाला किती दिवस लागतील, आणि उद्या सकाळी आलो तर चालेल का.